सारंगाच्या डब्यातली पानं

कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मी वर्षभराच्या आत दोनदा जाऊन आलो, त्यामुळे कॉलेजात माझी जरा ख्याती झाली आहे. सुटी जवळ आली की कोणी ना कोणी विचारतं, "काय हो, तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" मी सांगतो: थंडीत जा. चपला जुन्या घाला. आगरदांड्याला ओहोटीच्या वेळी पोचू नका. आणि ज्याच्या घरी जेवाल त्याच्याकडे काही मागू नका. शेवटच्या सूचनेला लोक हसतात. त्यांना वाटतं, मास्तरांनी विनोद केला. मी विनोद करत नाही हे दहा वर्षं एकत्र चहा पिऊनही त्यांच्या लक्षात आलेलं नाही.

पहिल्यांदा गेलो तो डिसेंबर होता. नवं राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. मी मुंबईत औषधी वनस्पती शिकवतो. म्हणजे वाळका पाला, साली आणि मुळं यांच्या बरण्या मुलांपुढे फिरवतो, आणि मुलं त्या न हुंगताच पुढे ढकलतात. वय तेव्हा अडतीस. नावावर एकही शोधनिबंध नाही. माझ्यामागून नोकरीला लागलेले दोघे माझ्यापुढे गेले होते, आणि त्यांतला एक तर जिन्यात भेटला की माझी पाठ थोपटायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी तिकडे समुद्र बघायला गेलो नव्हतो.

झालं असं, की माझा एक जुना विद्यार्थी बोटीवर कंपाउंडर होता. तो एकदा घरी आला आणि बोलता बोलता म्हणाला, "सर, बोर्ली पंचतनला एक म्हातारे सारंग आहेत. वीस वर्षं अफू खात होते. आता मलायातलं कसलंसं पान उकळून पितात आणि अफूला शिवत नाहीत." सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. मी चहाचा कप खाली ठेवला. त्या पानाबद्दल मी वाचलं होतं. मलायात त्याला केतुम म्हणतात, सयामात क्रातोम. झाड कॉफीच्या कुळातलं, अफूच्या बोंडाशी त्याचं काडीचं नातं नाही. पण त्यातलं मित्रागायनीन नावाचं कडू द्रव्य शरीरात गेलं की अफूच्याच वाटेनं चालतं. दुखणं मारतं, झोप आणतं आणि सवय लावतं. माझ्या ओळखीतल्या कोणीही ते पान डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मला माझा शोधनिबंध दिसू लागला. त्याच्या वरच्या ओळीतलं माझं नावसुद्धा दिसलं.

आगरदांडा

मुरूडपर्यंतच्या एसटीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जंजिरा लांबून दिसतो, त्याच्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. आगरदांड्याला पोचलो तेव्हा खाडीचं पाणी मागे गेलं होतं आणि होडी चिखलात एका कुशीवर पडली होती. पलीकडे दिघी अगदी डोळ्यांसमोर. मी होडी चालवणाऱ्या तांडेलाला विचारलं, आता कसं जायचं?

"पानी येऊ द्या," तो विडी पेटवत म्हणाला. "पान्याला काय हापिस न्हाय."

मला होतं. चार दिवसांची रजा मोजून घेतलेली. थोडं पुढे एक दुसरी होडी पाण्याला टेकलेली दिसली म्हणून मी बूट काढून हातात घेतले, पाठीवर पानं दाबायची लाकडी चौकट बांधली आणि चिखलात पाय टाकला. पाचव्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो. सहावं पाऊल पडलंच नाही. मागून हशा आला. सुकटीची पाटी घेतलेली एक कोळीण सरळ चालत माझ्यापर्यंत आली, तिनं माझं बखोट धरलं आणि भाजीची जुडी उपटावी तसं मला उपटलं.

"घाटावरचं काय?"

"हो. कसं ओळखलंत?"

"चिखलात हुबं ऱ्हायलात. आमी चालत ऱ्हातो, म्हनून बुडत न्हाय."

मी सांगली भागातला. आमच्याकडे चिखल पावसाळ्यात येतो आणि पाहुण्यासारखा निघून जातो. इथे तो घरचाच आहे, आणि लोक त्याच्याशी घरच्यासारखे वागतात. माझ्या चौकटीतला टिपकागद भिजून लगदा झाला. एक बूट खाडीनं ठेवून घेतला. दुपारी पाणी आलं तेव्हा त्याच तांडेलानं, त्याच होडीतून, एक शब्द न बोलता मला पलीकडे नेऊन सोडलं.

बोर्ली पंचतन

गाव मोठं आणि बाजार गजबजलेला. मी एका पायात बूट आणि दुसऱ्यात दिघीत घेतलेली चप्पल अशा थाटात शिरलो, तरी कोणी हसलं नाही. खाडीपलीकडून आलेल्या माणसाचं असंच होतं हे त्यांना ठाऊक असावं. दाऊद सारंगांचं घर मशिदीमागच्या आळीत. उंच, वाळलेला माणूस. पांढरी दाढी, आणि गाल व ओठ काजळी धरल्यासारखे काळवंडलेले. ते पानाचं लक्षण होतं. पुस्तकात वाचलेलं लक्षण समोर खाटेवर बसलेलं पाहून मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते.

त्यांच्या बायकोचं नाव आमिनाबी. ठेंगणी, चटपटीत, बोलणं मोजकं. तिनं माझे पाय बघून आधी गरम पाणी दिलं आणि मग विचारलं की कोण, कुठचे. जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, सुरमईचं नारळाच्या रसातलं कालवण, आणि शेवटी सांदण. तांदळाच्या रव्याची ही वाफवलेली मऊ वडी मी पहिल्यांदाच खाल्ली आणि मोजून पाच खाल्ल्या. आमच्याकडे पाहुण्याला "घ्या, घ्या" म्हणून इतका आग्रह करतात की त्यानं खरंच घेतलं तर यजमानाचा चेहरा पडतो. इथे आग्रह नाहीच. ताटात जागा दिसली की वाढतात.

जेवण झाल्यावर सारंग आपणहून बोलू लागले.

"रंगूनच्या फुडं मना मुरडा झाला. डाक्टर न्हाय. एका बुढ्ढ्या खलाशानं गोळी दिली. मुरडा गेला, गोळी ऱ्हायली. वीस वरसं रोज चिंचोक्याएवढी."

"मग अफूचं सरकारी परमिट?"

"परमिट काढलं ना. दर साली सरकार माप कमी करी. मी म्हटलं, आपली एवढी फिकीर सरकारला कंदी होती?" ते हसले. "मग दुकानच बंद. पन त्याआधी पिनांगला एक सयामी नावाडी मिळाला होता. उन्हात दिसभर ओझी वाहायचा न् हसायचा. पुसलं, काय खातोस बाबा? त्यानं पान दाखवलं."

मी वही काढली. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा तो माणूस नेमकं बोलत होता. चार पानं उकळून प्यायलं की अंगात जोर येतो. दहा प्यायलं की तोच जोर उतरतो आणि डोळे मिटतात. अफू मिळाली नाही त्या दिवशी हाडं मोडून येतात, नाक गळतं, पोटात मुरड पडते. दहा पानांनी ते सगळं थांबतं. पण पानही फुकट काम करत नाही. पोट बांधलं जातं, भूक मरते, तोंड काळं पडतं, आणि तेही चुकलं की तीच हाडं पुन्हा मोडतात.

"शादीच्या वक्ताला गोरे होते," आमिनाबी दारातून म्हणाली. "मना फसवलं."

"म्हणजे पान ही दुसरी अफूच झाली की," मी म्हणालो.

"सावत्र भाव म्हना. मारतो कमी, पन घर सोडत न्हाय."

मग त्यांनी डबा आणायला सांगितला. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा, आत वाळकी, तपकिरी, तळहाताएवढी पानं एकावर एक नीट लावलेली. पान आणून देणारा त्यांचा जुना साथीदार आता आखाताच्या बोटीवर होता. यापुढे पान येणार नव्हतं. म्हणून नवराबायकोनं एक बेत केला होता. बारा पानांवरून सुरुवात. दर नवा चांद दिसला की एक पान कमी. सहा चांद पार पडले होते, आता रोजची सहा. येत्या चांदाला पाच पानं, मग चार, मग तीन. बकरीदेच्या चांदाला डबा रिकामा आणि माणूस मोकळा. डब्यात त्या पुढच्या पाच महिन्यांची बरोबर साडेचारशे पानं होती, आमिनाबीनं मोजून ठेवलेली. एकही जास्त नाही.

"रमजानला तीनच लागतील," सारंग म्हणाले. "तीन पानं रोजा सोडल्यावर घेता येतात. अफूपायी वीस वरसं रोजा न्हाय धरला, मास्तर. या साली धरनार."

इतका शहाणा बेत मी कोणा डॉक्टरकडूनही ऐकलेला नव्हता. दर महिन्याला एक पायरी, आणि प्रत्येक पायरीवर शरीराला स्थिरावायला महिनाभर वेळ. मी तसं म्हणालोसुद्धा. आमिनाबी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

टेकडी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडं बघायला निघालो. वाट दाखवायला धर्माजी आले, गावाबाहेरचे भातशेती करणारे कुणबी. वय साठीचं, पोटऱ्या दोरखंडासारख्या. भात झोडून झालं होतं, त्यामुळे त्यांना सवड होती आणि मला वाचा फुटली होती. मी वाटेवरच्या प्रत्येक झाडाचं लॅटिन नाव त्यांना ऐकवत होतो. ते शांतपणे ऐकून घेत आणि मग त्या झाडाचं काय करतात ते सांगत. याचं जू, त्याचं मुसळ, ह्याची साल तापावर.

ओढ्याच्या काठी एक कळंब दिसला. कळंब मी शेकडो वेळा पाहिला होता, पण त्या दिवशी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि एकदम लख्ख आठवलं: कळंब आणि केतुम एकाच वंशातले. पान तसंच, शिरा तशाच, फुलांचे गोल गेंदही तसेच. फरक आहे तो जातीचा.

"धर्माजी, हा सारंगांच्या पानाचा सख्खा चुलतभाऊ आहे."

"व्हय?" त्यांनी झाडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी कळंबाचं जू केलंय, फन्या केल्यात. पाला कुनी खाल्ल्याला न्हाय बघितला."

"खाल्ला नसेल. पण गुण असणार."

"आसंल. पन मास्तर, माज्या परड्यात येका आंब्याच्या दोन कोया लावल्या. येक साखर, दुसरा तोंडात धरवत न्हाय. येका आईचीच ती."

मी हसलो आणि त्यांना वंश, जात, कूळ यांचं एक छोटं व्याख्यान दिलं. धर्माजींनी मान डोलावली. शिकलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही ही आपल्याकडे रीत आहे, आणि त्या रीतीनं शिकलेल्या माणसांचं जेवढं नुकसान केलं तेवढं कशानंच केलं नसेल. मी एक झोळी भरून कळंबाचा पाला तोडून घेतला.

मागणं

एक-दोन पानं मला ओळख पटवायला पुरली असती. पण ओळखीवर निबंध होत नाही. पानातलं द्रव्य वेगळं काढायचं, त्याचं प्रमाण काढायचं, तर निदान तीनशे पानं हवीत. हे गणित मी टेकडी उतरतानाच मांडलं होतं. दुपारी पुन्हा भाकऱ्या झाल्या, बांगड्याचं तिखलं झालं, आणि हात धुऊन झाल्यावर मी सारंगांना म्हणालो, "चाचा, एक मागायचं होतं."

त्या घराची एक रीत मला नंतर कळली. दर्यावर्दी माणसाच्या घरी जो दोनदा जेवला तो घरचा, आणि त्यानं तोंडानं मागितलेली पहिली वस्तू नाकारायची नाही. परक्या बंदरात यांनाही अनोळखी घरांनी असंच दिलेलं असतं, म्हणून ही फेड. म्हणून त्यांच्यातलं शहाणं माणूस मागतच नाही. मी मागितलं. तीनशे.

सारंगांनी डबा जवळ ओढला. आमिनाबी म्हणाली, "न्हाय. साडेचारशेच हायत. बेत मोडंल."

"बेत मोडणार नाही, चाची," मी म्हणालो. अंगणात पसरलेल्या कळंबाच्या पाल्याकडे बोट केलं. "हे त्याच वंशातलं झाड आहे. डोंगरावर हवं तेवढं आहे. तुमची पानं संपली की हीच वाळवून, तशीच उकळून द्या."

"ह्यानं भागंल?"

"भागेल."

एवढंच. 'बहुतेक' म्हणालो नाही, 'तपासून कळवतो' म्हणालो नाही. पुस्तकं वाचलेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, भागेल. कळंबाच्या पाल्यात काय आहे याची मला त्या घटकेला धर्माजींपेक्षा कणभरही जास्त माहिती नव्हती. सारंगांनी स्वतःच्या हातानं तीनशे पानं मोजली, धुतलेल्या फडक्यात बांधली आणि माझ्या हातात दिली. आमिनाबी आत निघून गेली होती.

दिवेआगर

रजेचा एक दिवस उरला होता, म्हणून दिवेआगरला गेलो. बैलगाडीत मांडीवर ते गाठोडं धरून बसलो होतो. लोक तिथे समुद्रासाठी जातात. मला वाड्या आवडल्या. नारळाच्या खाली पोफळी, पोफळीवर मिरवेल, आणि मधून पाटाचं पाणी. भर दुपारी आत गारवा. एका वाडीवाल्यांच्या ओटीवर केळफुलाची भाजी आणि आमसुलाचं सार जेवलो. यजमान जेवण होताच सुपारी कातरायला बसले, त्यांची आई मिसरी लावत होती, गडी तंबाखू मळत होता, आणि मला चहा हवा होता.

मी त्यांना सारंगांची गोष्ट सांगितली. यजमान म्हणाले, "व्यसन हो, दुसरं काय." आणि सुपारीचं खांड दाढेखाली सरकवलं. मला तेव्हा त्यांची गंमत वाटली. मांडीवरच्या गाठोड्याला मी कोणतं नाव देणार होतो, हे मला कोणी विचारलं नाही.

मुंबईत

दोन आठवडे मी संध्याकाळी घरी जायचंच विसरलो. सारंगांच्या पानांतून मित्रागायनीन निघालं, चांगलं भरपूर निघालं. मग कळंबाचा पाला घेतला. त्यातही कडू द्रव्यं होती, पण वेगळी. मित्रागायनीन नावालासुद्धा नव्हतं. वंश एक, चेहरा एक, आणि अफूच्या वाटेनं चालणारं नेमकं तेच द्रव्य एकात आहे, दुसऱ्यात नाही. शास्त्राच्या दृष्टीनं हा निकाल फार सुंदर होता. मी खूष झालो. खरंच खूष झालो, आधी.

मग बोर्ली आठवलं. जानेवारीचा दुसरा आठवडा चालू होता. सारंगांकडे दीडशे पानं होती, रोजची पाच. म्हणजे आठवडाभरावर आलेल्या चांदापर्यंतच पुरतील. एक पोस्टकार्ड चार दिवसांत पोचलं असतं: 'कळंब चालणार नाही. उरलेली पानं मी परत पाठवतो आहे.' पण उरली कुठे होती? सगळी मी वाटून, उकळून, गाळून टाकली होती. आणि कार्डावर लिहायचं काय? की मी छातीठोक सांगितलं ते चूक होतं? म्हटलं, चाचणी पुन्हा करून पाहू. मग परीक्षा आल्या. मग वाटलं, चाललं असेल त्यांचं, म्हातारा खंबीर आहे. उन्हाळ्याच्या सुटीत स्वतः जाऊनच सांगू, असं ठरवून मी मनाचं समाधान केलं. निबंध मात्र वेळेवर पाठवला. तो छापूनही आला. शेवटी आभाराची ओळ आहे: 'पानांचा नमुना देणाऱ्या एका निवृत्त सारंगांचे आभार.'

पुन्हा बोर्ली

एप्रिलअखेर गेलो. या वेळी भरती बघून गेलो, खाडी कोरड्या पायांनी ओलांडली. वाटेत शेतावर धर्माजी दिसले. मी हात केला. त्यांनी डोक्यावरचा पाल्याचा भारा उतरवला नाही, नुसतं बघितलं आणि म्हणाले, "सारंगाच्या घरला चाललात? जावा."

खाट रिकामी होती. आमिनाबीनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मी छापलेला निबंध बरोबर आणला होता. तो पिशवीतच राहिला. विचारायची गरज नव्हती, तरी तिनं सगळं सांगितलं, एका सुरात, तांदूळ निवडत.

आधी आपली पानं संपवली. मग चांद दिसला, आणि तिनं डोंगरावरची चार पानं उकळून दिली. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं. सारंग म्हणाले, सर्दी असंल. तिसऱ्या दिवसापासून हाडं. तिनं चाराची आठ पानं केली, आठाची बारा. ते प्यायचे आणि ओकायचे. झोप नाही, पाय आपटायचे, घामानं गादी भिजायची. श्रीवर्धनच्या डॉक्टरकडे न्यायला गाडी ठरवली, तर गाडीत बसवेना.

"मना म्हनाले, आमिना, मास्तर खोटं कशापायी बोलंल. मीच पान नीट उकळत न्हाय." ती तांदळातला खडा काढायला थांबली. "आठ दीस मी बघितलं. आठ दीस. मग पेटी उघडली."

पेटीत अफू होती. परमिटच्या दिवसांतला एक तुकडा, तिनं त्यांच्या नकळत लपवून ठेवलेला, कधी मरणाचं दुखलं तर असावा म्हणून.

"चिंचोक्याएवढी दिली. पयली रोज देत होते तेवढीच. जास्त न्हाय, मास्तर. माप मना पाठ हाय, वीस वरसं घरी आले की मीच दिली." ती हाताची दोन बोटं जुळवून मला माप दाखवत होती. "सकाळी दिली. लगेच झोप लागली. मना बरं वाटलं. आठ दिसांनी निजले म्हनून मी पोरांनाबी आळीत खेळू दिलं न्हाय. दुपारी बघितलं तर ओठ निळे, घोरत होते. येक श्वास, मग कवातरी दुसरा. हलवलं, पानी मारलं. उठले न्हायत."

रमजानला तेव्हा वीसेक दिवस होते.

मला जे ठाऊक होतं ते आता सांगतो. दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी ते सांगतो, अफूच्या धड्याच्या पहिल्याच तासाला. रोज खाणाऱ्याचं शरीर मोठी मात्रा पचवायला शिकतं. सवय मोडत आली की ते शरीर विसरतं. मग तीच जुनी मात्रा, जी त्यानं वीस वर्षं पचवली, त्याचा श्वास बंद करते. पानं कमी करत करत सारंग पाचावर आले होते, मग आठ दिवस काहीच नव्हतं. त्यांना त्यांचा जुना चिंचोका विष होता. मुलं हे उत्तरपत्रिकेत लिहितात आणि मी त्याला दोन गुण देतो. डिसेंबरात त्या घरात मी दोनदा जेवलो, तासन्‌तास अफूवर बोललो, वही भरली, आणि ते एक वाक्य बोललो नाही. माझं लक्ष डब्यावर होतं.

मी आमिनाबीला ते सांगितलं. तिला बरं वाटावं म्हणून, की तुमचं माप चुकलं नव्हतं. किती मूर्ख असावं माणसानं. ती निवडायची थांबली.

"म्हंजी पयल्याएवढी द्यायची न्हवती?"

"नाही."

"थोडी दिली आसती तर?"

"कदाचित वाचले असते."

"हे तुमास्नी तवाबी ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोललात का न्हाय?"

मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो, कारण तेवढं तरी खरं लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, "तुम्ही विचारलं नाहीत, चाची."

ती रागावली नाही. माझ्याकडे बघत होती. एखाद्या परक्या मुलखातल्या माणसाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "मास्तर, पुसायचं आसतं, हे मना कसं कळावं?"

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पान वाढायला उठली. या घरात आलेल्याला उपाशी पाठवत नाहीत. भात होता, मासळीचं कालवण होतं. ती वाढत राहिली, आणि मी जेवलो.